‘फोटो काढू नका’ : कोणत्या कायद्याने?

रस्त्यावर कोणी कॅमेरा बाहेर काढला की दोन प्रकारची माणसे हटकून पुढे येतात. एक सरकारच्या गणवेशातला, दुसरा कंपनीच्या गणवेशातला. दोघांचे वाक्य मात्र एकच असते, ‘फोटो काढू नका.’ का काढू नये आणि कोणत्या कायद्याने काढू नये, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. बहुतेकदा त्यांनाही ते ठाऊक नसते. वरून हुकूम आलेला असतो आणि खालच्याने तो पुढे ढकललेला असतो. वर्णव्यवस्था हजारो वर्षे नेमकी अशीच चालली. नियम कोणी केला हे विचारायचे नाही, फक्त पाळायचा.

छायाचित्रकारांना पोलीस अडवतात, सुरक्षारक्षक हटकतात, प्रदर्शने बंद पाडली जातात, ही बातमी आली की आपल्याकडचे अनेक कार्यकर्ते ती चाळून पुढे जातात. हा कलावंतांचा, गॅलरीवाल्यांचा प्रश्न आहे, आपला नाही, असे त्यांना वाटते. आम्हाला ते मान्य नाही. अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणात आपल्याकडे साक्षीदार फुटतात, पंच उलटतात, पंचनामा भलताच लिहिला जातो. अशा वेळी फितूर न होणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे त्या वेळी त्या जागी घेतलेले चित्र. त्या साक्षीदाराचे डोळे कोणी आणि कोणत्या अधिकाराने झाकायचे, हा म्हणूनच आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे.

हे फक्त भारतात घडते असे नाही. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या इंग्लंडमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यात कलम ४४ होते. ठरावीक क्षेत्रात कोणताही वाजवी संशय नसताना कोणालाही थांबवून झडती घेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. सांगायला कारण दहशतवादाचे, पण झडती झाली निदर्शकांची, पर्यटकांची आणि छायाचित्रकारांची. २००३ साली लंडनमध्ये शस्त्रास्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर निदर्शने होती. तिथे निघालेला एक निदर्शक आणि चित्रण करायला आलेली एक महिला पत्रकार यांना याच कलमाखाली अडवण्यात आले. दोघे न्यायालयात गेले, इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीपर्यंत हरले, तरी थांबले नाहीत. १२ जानेवारी २०१० रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच महिन्यात लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात ‘आम्ही छायाचित्रकार आहोत, दहशतवादी नाही’ असे म्हणत छायाचित्रकार मोठ्या संख्येने जमले. जुलै २०१० मध्ये सरकारला त्या कलमाचा वापर आवरता घ्यावा लागला आणि २०१२ च्या कायद्याने ते कलम गेले. कायदा कागदावर कितीही बळकट दिसो, त्याला कोर्टात आणि रस्त्यावर एकाच वेळी आव्हान दिले की तो मोडतो, हा धडा आपल्याला नवा नाही.

पोलीस मागे हटले तरी खासगी रखवालदार हटले नाहीत. २०११ साली लंडनच्या एका छायाचित्र महोत्सवाने साधा प्रयोग केला. सहा छायाचित्रकारांना शहराच्या आर्थिक केंद्रात, सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारतींचे फोटो काढायला पाठवले. सहाही जणांना किमान एकदा कुठल्या ना कुठल्या सुरक्षारक्षकाने अडवले. तीन वेळा पोलीस आले आणि सार्वजनिक जागेवरून फोटो काढणे हा गुन्हा नाही, हे त्या पोलिसांनाही मान्य करावे लागले. म्हणजे कायदा छायाचित्रकाराच्या बाजूने होता, पण रखवालदाराची समजूत अशी की मालकाची भिंत जिथे संपते तिथे मालकाची सत्ता संपत नाही, ती समोरच्या फुटपाथपर्यंत पोचते. ही समजूत आपल्या ओळखीची आहे. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, पण आपली वरात तिथून न्यायची तर परवानगी पाटलाच्या वाड्याची, हे आपण आजही सोसतो आहोत.

शेजारच्या बांगलादेशातले उदाहरण त्याहून जळजळीत आहे. तिथे २००४ साली रॅब नावाचे विशेष पोलीस दल उभे राहिले. त्याच्या हातून माणसे मरत आणि निवेदन निघे की ‘क्रॉसफायर’मध्ये मेला. आपल्याकडच्या ‘चकमकी’ची ही सख्खी भावंडे. छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी या विषयावर ‘क्रॉसफायर’ हेच नाव देऊन प्रदर्शन तयार केले. त्यात रक्ताने माखलेली प्रेते नव्हती. माणसे जिथे मारली गेली त्या जागा, त्या घटनांची आठवण करून देणाऱ्या वस्तू, एवढेच होते. मार्च २०१० मध्ये ढाक्यातील दृक गॅलरीत त्याचे उद्घाटन व्हायचे होते. त्याआधीच पोलिसांनी दार अडवले. उद्घाटनाला आलेल्या महाश्वेता देवींनी ते रस्त्यावर उभे राहून केले. संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने सरकारला जाब विचारला, पोलीस दारातून हटले आणि प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच गॅलरीतले तिबेटवरचे प्रदर्शन चीनच्या दूतावासाच्या दबावानंतर पोलिसांनी बंद केले होते. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनाबाबत बोलल्यावर आलम यांना अटक झाली आणि शंभरहून अधिक दिवस तुरुंगात काढावे लागले. नुसत्या एका शेताच्या फोटोला सरकार घाबरते, ते शेतामुळे नव्हे, तिथे काय घडले हे लोकांना माहीत असते म्हणून.

आता आपल्या देशात या. काश्मीरच्या छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू यांना जुलै २०२२ मध्ये पॅरिसला प्रदर्शन आणि पुस्तकाच्या प्रकाशनासाठी जायचे होते. व्हिसा होता, तिकीट होते. दिल्ली विमानतळावर त्यांना थांबवण्यात आले, कारण दिले नाही. ऑक्टोबरमध्ये पुलित्झर पुरस्कार स्वीकारायला त्या न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हाही तेच झाले. कोरोनाकाळातील भारताच्या छायाचित्रांसाठी त्यांना सहकाऱ्यांसह तो पुरस्कार मिळाला होता. जगाने ज्या कामाचा सन्मान केला, ते काम करणारी बाई विमानात बसू नये एवढाच काय तो सरकारचा प्रतिसाद. ज्याचे कारण लिहून द्यायची हिंमत होत नाही, अशा हुकूमाला कायदा म्हणत नाहीत.

मग कायदा काय सांगतो? कायद्याचे शिक्षण घेतलेले म्हणून आम्ही हे स्पष्ट मांडू इच्छितो. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. चित्र काढणे, दाखवणे हाही त्याचाच भाग आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये त्यावर निर्बंध आहेत, पण ते ‘कायद्याने’ घातलेले असावे लागतात. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनंतर ते ‘वाजवी’ही असावे लागतात. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते, हे विसरू नये. रखवालदाराचा आवाज म्हणजे कायदा नव्हे, हवालदाराचा दम म्हणजे कायदा नव्हे आणि साहेबांचा फोन म्हणजेही कायदा नव्हे. खडकसिंग प्रकरणात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या पाळतीबद्दल बोलताना हे तत्त्व सांगितले. विधिमंडळाच्या कायद्याचा आधार नसलेली पोलिसांची अंतर्गत नियमावली मूलभूत हक्कांवरचा ‘कायदा’ ठरत नाही.

आपल्याकडे पोलिसांचा आवडता धाक म्हणजे १९२३ चा कार्यालयीन गुपिते कायदा. हा इंग्रजांनी केलेला कायदा हेरगिरीसाठी आहे. लष्करी तळ, शस्त्रास्त्रांचे कारखाने अशी ‘प्रतिबंधित ठिकाणे’ त्यात आहेत आणि तिथे चित्रण करू नये हे ठीकच आहे. पण वर्धा येथे एका नागरिकाने पोलीस ठाण्यात मोबाईलवर चित्रण केले म्हणून त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून ठाण्यात आलेला माणूस थेट हेर ठरला! २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणे हे या कायद्याच्या व्याख्येतील प्रतिबंधित ठिकाण नाही, असे न्यायालयाने स्वच्छ सांगितले. हा निकाल प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याच्या खिशात असायला हवा. ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्यायला नकार मिळतो तो याच ठाण्याच्या टेबलावर, आणि ‘आम्ही नकार दिलाच नाही’ असे शपथपत्रही याच टेबलावरून निघते.

प्रदर्शन बंद करायचे असेल तर दुसरे हत्यार काढले जाते, ‘कायदा व सुव्यवस्था’. दगड मारणारे बाहेर जमतात आणि पोलीस आतल्या चित्राला उचलून नेतात. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा एस. रंगराजन खटल्याचा निकाल महत्त्वाचा आहे. हिंसाचाराची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, ती सुरक्षितपणे होऊ देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आम्ही गर्दीला आवरू शकत नाही अशी सबब सरकारने सांगू नये, असे त्याचे सार आहे. गंमत अशी की हा खटला ज्या तमिळ चित्रपटावरून झाला त्यात जातीवर आधारलेल्या आरक्षणावर टीका होती! म्हणजे ज्या निकालाचा आज आपल्याला आधार घ्यायचा, तो आपल्या विरोधातल्या मताला संरक्षण देताना दिला गेला. यावरून आपल्यातल्या काहींनी बोध घ्यावा. न पटणारे चित्र दिसले की ‘बंद पाडा’ म्हणणे सोपे असते. पण बंद पाडण्याची ताकद शेवटी ज्याच्याकडे लाठी त्याच्याकडेच राहते आणि ती लाठी आपल्याकडे नाही. आपल्याकडे संविधान आहे. ते आपल्याला उत्तर देण्याचा हक्क देते. तो वापरला पाहिजे.

कॅमेऱ्याला सरकारचा विरोध आहे, असे मात्र कोणी समजू नये. सरकारला कॅमेरा फार आवडतो, फक्त तो त्याच्या हातात असला पाहिजे. मोर्चात पोलिसांचा माणूस आपल्या प्रत्येक चेहऱ्याचे चित्रण करतो, चौकाचौकात कॅमेरे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रण करण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली, ती चांगलीच गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा, चित्रण दीड वर्ष आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपून ठेवा, असा आदेश दिला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये पोलीस कोठडीतील मृत्यूंच्या बातमीवरून त्याच न्यायालयाला ठाण्यांतील कॅमेऱ्यांच्या अवस्थेची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नागरिकाचा कॅमेरा चालू असला की तो गुन्हा आणि ठाण्याचा कॅमेरा बंद असला की ती तांत्रिक अडचण, असा हा न्याय आहे.

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस आपल्या वस्त्यांत घुसले. गाड्या फोडताना, माणसांना मारताना त्यांना जगाने पाहिले, ते लोकांच्या मोबाईलमधून. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी अटकेत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे कारण नोंदले गेले. आणि त्याच महिन्यात नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की सीसीटीव्हीच्या चित्रणात मारहाण दिसत नाही. सरकारच्या कॅमेऱ्याला काही दिसले नाही, शरीरावरच्या जखमा मात्र बोलल्या. सोमनाथच्या आईला न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

याआधी रमाबाई नगर झाले आहे. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात १० जण मारले गेले. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या, हा बचाव तेव्हा पुढे केला गेला. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ साली गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम सत्र न्यायालयात दोषी ठरला. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून केलेल्या ‘जयभीम कॉम्रेड’ने त्या दिवसाची चित्रणे पुन्हा पुन्हा तपासून टँकरची कहाणी लोकांसमोर उलगडली. सरकारच्या कहाणीला उत्तर देणारे चित्र हातात असले की काय होते, हे त्यावरून कळते.

आता दुसरी बाजूही पाहू. आपण केवळ कॅमेरा धरणारे नाही, फार काळ कॅमेऱ्यासमोर उभे केले गेलेलेही आहोत. गरिबीचे फोटो काढून नेणारे पुष्कळ येतात. वस्तीतली शेंबडी पोरे, नाल्याकाठची झोपडी, मोठ्या शहरातल्या गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर छान दिसतात. ज्याचा फोटो आहे त्याचे नाव खाली नसते आणि त्याला निमंत्रणही नसते. अकोल्याहून आलेले सुधारक ओलवे यांचे काम याला अपवाद म्हणून उठून दिसते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यात राहून टिपले. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरलेली ती माणसे बहुतांश आपलीच आहेत. ती चित्रे देशविदेशात पोचली आणि ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. पण शहराची घाण काढणारा माणूस शहराला प्रथम चौकटीत दिसला, रस्त्यावर दिसला नाही, याची लाज कोणाला वाटली?

जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. ते उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले होते, हे लिहिताना आम्हाला वेदना होतात. गटारात गुदमरून मेलेल्यांना ‘गटार सफाईतले अपघात’ अशा वेगळ्या रकान्यात टाकले की पहिला रकाना शून्य राहतो. अशा रकान्यांना उत्तर एकच, उघड्या मॅनहोलपाशी कंत्राटदाराच्या माणसाने ‘फोटो काढू नका’ म्हटल्यावरही काढलेला फोटो. तो माणूस कॅमेऱ्यावर हात का ठेवतो, हे यातून कळावे. त्याला चित्राची भीती नसते, दंड आणि नुकसानभरपाईची असते.

आणि तो हात कोणाचा असतो? मुंबई-पुण्यातले असंख्य सुरक्षारक्षक मराठवाडा, विदर्भातून आलेली आपलीच मुले आहेत. बारा बारा तास उभी राहतात, पगार तुटपुंजा, नोकरी कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यांच्याशी हुज्जत घालून काही साधणार नाही. भाऊ, तुझ्या साहेबाला बोलाव, लेखी दे, एवढेच शांतपणे म्हणावे. खासगी जागेत मालक बाहेर जायला सांगू शकतो, ते मानावे. पण सार्वजनिक रस्त्यावर त्याची सत्ता नाही. आणि कुठेही कॅमेरा हिसकावण्याचा किंवा चित्र पुसायला लावण्याचा अधिकार सुरक्षारक्षकाला नाही. पोलिसांना जप्ती करायची तर गुन्ह्याचा संबंध दाखवावा लागतो, पंचनामा करावा लागतो, दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. ‘डिलीट कर’ हा शब्द कोणत्याही संहितेत नाही. उलट पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हाच गुन्हा आहे.

आपल्यालाही काही शिस्त पाळावी लागेल. खैरलांजीनंतर प्रेतांची छायाचित्रे ज्या रीतीने हातोहात फिरली, त्याने लोक पेटून उठले हे खरे. पण आपल्या आयाबहिणींच्या देहाची विटंबना आपल्याच हातांनी पुन्हा होता कामा नये. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. दुःखात असलेल्या माणसाला विचारूनच फोटो काढावा. तसे न करणाऱ्यात आणि गरिबी विकणाऱ्यात फरक राहत नाही.

दुसरे म्हणजे, मोबाईलमध्ये चित्र आहे म्हणून खटला जिंकला, असे होत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण सादर होत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र बंधनकारक आहे. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) मध्ये ही तरतूद आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते. म्हणून मूळ फोन, मूळ मेमरी कार्ड जपा, चित्राला कात्री लावू नका, कोणी, कधी, कुठे काढले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ(१०) नुसार या गुन्ह्यांच्या कामकाजाचे चित्रण करणे बंधनकारक आहे, त्याची मागणी प्रत्येक खटल्यात पहिल्या तारखेलाच लेखी करा.

तिसरी गोष्ट, आपली प्रदर्शने आपणच भरवली पाहिजेत. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखोंचा जनसागर शिस्तीत येतो, पुस्तके विकत घेतो, उपाशीतापाशी रांगेत उभा राहतो. प्रस्थापित वृत्तपत्रांच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या दिवशी मैदानातला कचरा तेवढा दिसतो. त्यांच्यावर चिडण्यात आणखी किती वर्षे घालवायची? गावोगावच्या घरांत मोर्चांची, धम्मपरिषदांची, सत्याग्रहांची छायाचित्रे पेट्यांमध्ये पिवळी पडत आहेत. ती गोळा करून, नावे-तारखा लिहून बुद्धविहारांतून मांडली पाहिजेत. विहाराची भिंत ही आपली गॅलरी आहे. तिथे दारावर रखवालदार नाही.

तथागतांनी धम्माचे एक लक्षण एहिपस्सिको असे सांगितले आहे. ये आणि स्वतः पाहा. ऐकीव गोष्टीवर, ग्रंथाच्या अधिकारावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसते तोच असे म्हणू शकतो. ज्यांचे राज्य ‘पाहू नका’ या हुकूमावर चालते, त्यांना ‘ये आणि पाहा’ म्हणणाऱ्यांची भीती वाटणारच. तेव्हा पुढच्या वेळी कोणी लेन्ससमोर हात आडवा धरला, तर आवाज चढवू नका, हातही उचलू नका. फक्त विचारा, कोणत्या कायद्याने? आणि उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा.

जयभीम!